मागची घंटी

त्यांना मी पहिल्यांदा आरशात पाहिलं. वाघोलीत खोली बघायला गेले होते. नगर रस्त्यापासून आत, एका बाजूला नव्या इमारतींचे सांगाडे आणि दुसऱ्या बाजूला अजून ज्वारी, अशा जागी त्यांचं बैठं घर होतं आणि गच्चीवर भाड्याची खोली. फाटकातून आत शिरले तर पेरूच्या झाडाला माणसाएवढा आरसा टेकवून ठेवलेला. कपाटाच्या दाराचा असावा. त्या आरशात एका जुन्या निळ्या पिकअपच्या खालून डोकावणारं टक्कल दिसत होतं. ते टक्कल आरशातूनच माझ्याशी बोललं.

"खोली बघायला आलात?"

"हो."

"खोलीत बघण्यासारखं काही नाही. चार भिंती आहेत. आपल्याला ओरडता येतं का?"

घरमालक शांत भाडेकरू शोधत असणार असं मला वाटलं. मी घाईघाईनं म्हणाले, "नाही हो, मी अजिबात आवाज करत नाही."

"मग काय उपयोग," असं म्हणून ते पुन्हा गाडीखाली गेले.

खोली मला मिळाली, कारण दुसरं कुणी बघायलाच आलं नव्हतं. ओरडण्याचा उलगडा पुढच्या रविवारी झाला. त्यांच्या पिकअपचा एक फ्यूज सारखा उडायचा. मागचे लाल दिवे, नंबर प्लेटवरचा दिवा आणि स्टिअरिंगसमोरच्या काट्यांचा उजेड, सगळं त्या एका फ्यूजवर. वायर कुठेतरी सोलून पत्र्याला टेकत होती, पण कुठे ते सापडत नव्हतं. अशा वेळी करायचं काय, तर उडालेला फ्यूज काढायचा आणि त्याच्या जागी दोन तारांचा एक बल्ब लावायचा. पत्र्याला वायर टेकली की बल्ब भगभगीत पेटतो, सुटली की मंद होतो. मग एकानं मागे जाऊन एकेक वायर हलवायची आणि दुसऱ्यानं पुढे बसून बल्बकडे बघत ओरडायचं. काम दोन माणसांचं आणि घरात माणूस एक. म्हणून तो आरसा होता. गाडीखाली पडल्या पडल्या त्यांना त्यात पुढचा बल्ब दिसायचा. अख्ख्या गल्लीला वाटायचं, म्हाताऱ्याला या वयात नटायची हौस आलीय.

मी त्यांना 'काका' म्हणून बघितलं.

"मी आपला काका नाही. मी घरमालक आहे," ते म्हणाले. "काका असतो तर आपल्याला रोज जेवायला बोलवावं लागलं असतं."

त्यामुळे मी त्यांना शेवटपर्यंत नुसतं 'अहो' म्हणत राहिले. ते मला 'टेस्टर' म्हणत. मी एका आयटी कंपनीत तेच काम करायचे, प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या. ते ऐकून त्यांनी विचारलं होतं, "आणि चूक सापडली की दुरुस्त आपणच करता?"

"नाही. आम्ही फक्त कळवतो. दुरुस्त दुसरे करतात."

"वा! म्हणजे अगदी सासूबाईंची नोकरी."

जन्म शनिवार पेठेतला, त्यामुळे जीभ अशी. तरुणपणापासून ते पिंपरीच्या एका कारखान्यात स्टोअर्समध्ये होते. कारखान्यानं स्वेच्छानिवृत्ती आणली. "स्वेच्छा कारखान्याची, निवृत्ती माझी," असं ते सांगायचे. त्या पैशांत नवराबायकोनं वाघोलीतली ही जागा आणि ही सेकंडहँड पिकअप घेतली आणि झाडं भाड्यानं द्यायचा धंदा सुरू केला. तेव्हा कल्याणीनगर, विमाननगरकडे काचेच्या कंपन्या भराभर उभ्या राहत होत्या आणि प्रत्येकीला कोपऱ्याकोपऱ्यात हिरवं काहीतरी हवं होतं. एसीत झाडं आठवडाभरात मान टाकतात. मग ती परत आणायची, अंगणात उन्हावाऱ्यात ठेवायची आणि त्यांच्या जागी ताजी नेऊन ठेवायची. परत आलेल्या झाडांना ते 'रजेवर आलेली' म्हणत. "हिला पंधरा दिवस सोडू नका, फार काम झालंय हिला," असं ते एखाद्या ड्रेसिनाबद्दल मला बजावत, जणू काही मी तिला ओव्हरटाइमला नेणार होते.

झाडं बघून ते कंपनीचा स्वभाव सांगत. आमच्या कंपनीतही त्यांचीच झाडं असतात हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं, तेही फार बऱ्या रीतीनं कळलं नाही. एका सकाळी माझ्या टेबलाजवळच्या कुंडीपाशी ते वाकून माती हुंगताना दिसले. मग ताठ उभे राहून त्यांनी सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं विचारलं, "हिला कॉफी कोण पाजतं?" सगळ्यांनी माना स्क्रीनमध्ये घातल्या. "दूध-साखरेची आहे. निदान कोरी तरी पाजा." मला बघितलं तेव्हा मात्र त्यांनी ओळख दाखवली नाही. संध्याकाळी घरी मी कारण विचारलं, तर म्हणाले, "आपली नोकरी जाऊ नये म्हणून. माझी जाऊन झालीय."

त्यांची बायको मी कधी पाहिली नाही. मी राहायला जायच्या आदल्या वर्षी त्या आजारानं गेल्या. पण आमच्या रविवारच्या कामात त्या थोड्या थोड्या कळत गेल्या. पिकअप त्या चालवायच्या. ते मागे उभे राहून झाडं धरायचे.

"आपल्याला चालवता येत नव्हतं?" मी विचारलं.

"लायसन्स होतं. धीर नव्हता. लग्नाआधीच सांगितलं होतं तिला, मला वेगाची भीती वाटते. ती म्हणाली, बरं झालं, मला वाटत नाही."

गतिरोधक आला की कुंड्या कलंडायच्या. मागून कितीही पत्रा बडवला तरी इंजिनाच्या आवाजात पुढे बायकोला काही ऐकू जात नसे. म्हणून त्यांनी मागच्या फाळक्याशेजारी एक बटण लावलं आणि पुढे डोक्यावर घंटी. घंटी कसली, बझरच तो. एकदा वाजवली की थांबायचं, दोनदा वाजवली की निघायचं, एसटीसारखं. पण बटणाला वीज पुढच्या बॅटरीपासून न आणता त्यांनी ती हाताशी होती म्हणून मागच्याच लाल दिव्यातून घेतली आणि तिथून घंटीची एक वायर गाडीखालून पुढे नेली. झालं असं, की दिवे चालू असतील तरच घंटी वाजायची. आता एवढं साधं काम पुन्हा कोण उकलणार? म्हणून त्यांची गाडी भर दुपारी दिवे लावून नगर रस्त्यानं धावायची. समोरून येणारा प्रत्येक जण हाताची बोटं उघडून-मिटून खूण करायचा, अहो, दिवा चालू राहिलाय. मग त्या, स्टिअरिंगवरचा एक हात बाहेर काढून, प्रत्येकाला तश्शीच खूण परत करायच्या. "लोकांना वाटायचं हिला समजलं," ते म्हणाले. "कुणाला कळणार, हिला मागून माझा आवाज हवा होता म्हणून."

हे सांगताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पाना शोधत राहिले. पाना त्यांच्या हातातच होता.

फ्यूजबद्दल त्यांचं एक तत्त्वज्ञान होतं. नाक्यावरचे इलेक्ट्रिशियन फ्यूज फार उडायला लागला की त्याच्या जागी जाड तार घालून देतात. तसं एकानं दिलं होतं, तर त्यांनी भर रस्त्यात त्याला ऐकवलं होतं. "फ्यूज उडाला म्हणजे गाडी बिघडली नाही. गाडी बोलली," असं ते म्हणायचे. "जाड तार घाला, मग ती बोलत नाही, आतल्या आत जळते. घरातही तसंच असतं. कुणीतरी वेळेवर ओरडलेलं बरं." उडालेले काचेचे फ्यूज ते टाकत नसत. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवत.

रविवारी सकाळी मी पुढे बसायचे, ते खाली शिरायचे आणि आमचं सुरू व्हायचं. "आता?" "मंद!" "आता?" "मंदच!" सुरुवातीला मी ऑफिसातल्यासारखं हळू सांगायचे. "टेस्टर, आपण देवळात आहात का?" असं खालून आलं, मग आवाज सुटला. मला पुण्यात येऊन वर्ष झालं होतं आणि एवढ्या मोठ्यानं मी तोवर बोललेच नव्हते. ऑफिसात सगळे इंग्रजीत किंवा हिंदीत, बसमध्ये प्रत्येकाच्या कानात काहीतरी खुपसलेलं. माझी वर्ध्याची बोली मी गाडीतून उतरल्या दिवशीच गुंडाळून ठेवली होती. आईचा फोन आला की ती म्हणायची, "काहून वं, आवाज असा काहून येऊन राहिला तुया? जेवली नाई का?" जेवलेली असायचे. आवाज वापरात नव्हता, एवढंच.

पण फॉल्ट काही सापडत नव्हता. रविवारी सगळ्या वायरी हलवून झाल्या तरी बल्ब मंदच. ते नवा फ्यूज लावायचे, दिवे छान लागायचे. आणि दोन-तीन दिवसांत फ्यूज पुन्हा उडालेला. आमच्या धंद्यात याला फार वाईट जातीची चूक म्हणतात, बघायला गेलं की न दिसणारी. शिवाय एक गोष्ट मला खटकत होती. झाडं पोचवायला गाडी आठवड्यातून एकदाच बाहेर पडायची, आणि बरणी मात्र भरत चालली होती.

हे असंच गमतीत चाललं असतं, पण पासिंग आलं. जुन्या गाडीला रस्त्यावर राहायचं तर आरटीओच्या मैदानावर नेऊन तपासून घ्यावी लागते. ते घेऊन गेले आणि नेमके मागचे दिवे लागले नाहीत. नापास. पुढची तारीख मिळाली. त्यांची एकुलती मुलगी बंगळुरूला असायची. तिनं फोनवर त्यांच्याकडून शब्द घेतला, की पुन्हा नापास झाली तर गाडी भंगारात द्यायची, झाडं विकायची आणि तिच्याकडे जायचं. मुलगी चांगली होती, तिचं काही चुकत नव्हतं. "फ्लॅट अकराव्या मजल्यावर आहे," ते मला म्हणाले. "खिडकीतून ढग दिसतात म्हणे. ढगांशी काय बोलायचं?"

त्याच आठवड्यात मी कंपनीच्या बसमधून नाक्यावर उतरले तर त्यांची पिकअप इलेक्ट्रिशियनच्या टपरीसमोर उभी दिसली. म्हणजे शेवटी ते शरण गेले होते. तो भला माणूस गाडीखालून बाहेर आला आणि म्हणाला, "काका, समदं ठीक हाय. ही घंटीची वायर तेवढी जुनी झालीय. कापून टाकतो, दोन मिनिटांचं काम. पासिंगला काय अडचण न्हाई."

"कापायची नाही."

"अवो, पण उपयोग काय तिचा? मागं कोण असतंय आता?"

एरवी त्या माणसाची त्यांनी खरडपट्टी काढली असती. त्या दिवशी त्यांनी त्याच्या हातातली पक्कड काढून घेतली, टपरीवर ठेवली आणि गाडीत जाऊन बसले. मला बघून दार उघडलं.

रविवारी मी विचारलं, "त्या घंटीचं एकदा बघायचं का?"

"घंटीचा काही संबंध नाही. ती कोणी वाजवत नाही."

मला ते पटलं. वाजवलीच नाही तर त्या वायरीत वीज जाणार नाही, आणि वीज गेली नाही तर फ्यूज उडायचं कारण नाही. मी पुन्हा पुढे बसून "मंद! मंद!" ओरडत राहिले.

पासिंगच्या आदल्या आठवड्यात एकदा ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर बसले आणि आम्हाला लवकर सोडलं. दिवेलागणीला मी गच्चीवर कपडे काढत होते. खाली अंगणात ते पिकअपपाशी आले. पुढचं दार उघडून त्यांनी दिवे लावले. मागचे लाल दिवे पेरूच्या खोडावर पडले. मग ते सावकाश मागे चढले. गाडीत दोन-तीन रिकाम्या कुंड्या होत्या, त्यांच्यामध्ये उभे राहिले. एका हातानं वरचा दांडा धरला आणि दुसऱ्या हातानं बटण दाबलं. दोनदा.

पुढे, बंद काचेच्या आत, रिकाम्या सीटवर, ती घंटी वाजल्याचं अगदी बारीक ऐकू आलं.

ते दांडा धरून तसेच उभे राहिले. गाडी सुटताना मागे झोक जातो तो सांभाळायला उभं राहावं, तसे. थोड्या वेळानं त्यांनी एकदा बटण दाबलं, थांबण्यासाठी. त्या खेपेला आवाज आलाच नाही. लाल दिवे विझले. ते खाली उतरले आणि बरणी आणायला घरात गेले.

मी कपडे हातात घेऊन तिथेच खाली बसले. त्यांच्याबद्दल वाईट वाटलं हे खरं, पण त्याहून जास्त मला माझीच भीती वाटली. वर मी एकटी, खाली ते एकटे, आणि मधल्या जिन्यावरून दोघांच्याही तोंडून रोज फक्त पाण्याच्या मोटारीबद्दलची वाक्यं ये-जा करत होती.

आता चूक मला सापडली होती. कळवायची कशी, ते कळत नव्हतं. ऑफिसात त्यासाठी रकाने असतात. इथे कुठल्या रकान्यात लिहिणार, की माणूस बायकोला निघायची खूण करतो तेव्हा वायर पत्र्याला टेकते?

रविवारी मी बल्ब लावला आणि पुढे न बसता मागे गेले.

"आज आपण पुढे बसा. ओरडायचं काम आपलं."

"का?"

"माझा घसा बसलाय," मी चांगल्या खणखणीत आवाजात सांगितलं.

ते कुरकुरत पुढे जाऊन बसले. मी मागे चढले आणि बटण दाबून धरलं. पुढे बल्ब भगभगीत पेटल्याचा उजेड काचेतून मला दिसला. ते ओरडले नाहीत. मी बटण सोडलं, पुन्हा दाबलं.

"लागला का?" मी विचारलं.

पेरूवर पोपट आले होते तेवढे ओरडत होते. मग ते इतक्या हळू बोलले की मला वाकून ऐकावं लागलं.

"लागला."

"मग आता वायर बघू. कापायची नाही. कुठे सोलली ते बघू."

"आपल्याला कधी कळलं?"

"बुधवारी."

"हं," ते म्हणाले. "मग तीन दिवस वाया का घालवलेत? गुरुवारी, शुक्रवारी, शनिवारी उजेड होता."

वायर सापडली. गाडीखालच्या पत्र्याच्या भोकातून ती पुढे जात होती, त्या भोकातलं रबर झिजून पडलं होतं आणि कडेनं वायर सोलली होती. वायर ठिकठिकाणी हिरव्या खणाच्या चिंध्यांनी बांधलेली होती, गाठी बारीक आणि सारख्या. त्या गाठी त्यांनी मला सोडू दिल्या नाहीत. गाडीखाली उताणं पडून सोललेल्या तेवढ्या भागावर त्यांनी नळी चढवली, भोकात नवं रबर बसवलं. मी आरसा धरून ऊन आत पाडत होते. त्या आरशाला तेवढं काम उरलं होतं.

मग नवा फ्यूज बसवला. ते ड्रायव्हरच्या सीटवर बसले. मी मागून विचारलं, "देऊ?"

"द्या."

मी दोनदा बटण दाबलं.

गाडी हलली नाही. मी वाट पाहिली आणि उतरून पुढे गेले. ते वर त्या बझरकडे बघत बसले होते.

"एवढा कर्कश आहे?" त्यांनी मला विचारलं. "मागे तर अगदी बारीक ऐकू येतो."

त्या घंटीखाली बसून त्यांनी ती कधी ऐकलीच नव्हती. ते कायम मागे असायचे. बायको गेल्यावर गाडी चालवायला लागले, तेव्हा मागे वाजवणारं कुणी उरलं नव्हतं.

"कानाच्या वर बरोबर. इतकी वर्षं," ते म्हणाले. "मी तर पान हललं तरी वाजवायचो. एका शब्दानं बोलली नाही हो. ओरडायचं तरी एकदा."

ते रडले. मी दाराला हात लावून उभी राहिले. मग त्यांनी शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं आणि म्हणाले, "डबल दिलीत ना? मग मागे जा. मागे माणूस चढल्याशिवाय गाडी निघत नाही." फाटकापर्यंत आणि परत, एवढाच आम्ही प्रवास केला.

पासिंगच्या दिवशी मी रजा टाकून मागे उभी राहून गेले. मैदानावर साहेबांनी दिवे बघितले, ब्रेक बघितले, मग बटणाकडे बोट करून विचारलं, "हे कशाला?"

"मागे माणूस असतं," ते म्हणाले. गाडी पास झाली. बंगळुरूच्या ढगांना वाट बघावी लागली.

पुढे आमचं ऑफिस हिंजवडीला गेलं. वाघोलीहून रोज ये-जा करणं शक्य नव्हतं. मी बाणेरला दोन मुलींबरोबर फ्लॅट घेतला आणि ते त्यांना सांगायला खूप दिवस लावले. सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "सामान पिकअपमधून न्या. रिक्षावाले लुटतील."

निघताना म्हणाले, "आज तरी पुढे बसा, माणसासारख्या."

"मग मागे सामान कोण धरणार?"

दोन बॅगा, गादी, आणि त्यांनी 'रजेवर' म्हणून दिलेलं एक अरेका पाम. मी ते धरून वाघोली ते बाणेर उभी होते. प्रत्येक सिग्नलनंतर दोनदा घंटी द्यायचे. गरज नव्हती. शहर ओलांडून आम्ही नव्या इमारतीच्या फाटकाशी पोचलो. सामान उतरवलं. वॉचमन बॅगा आत घेऊन गेला. मी खिडकीशी जाऊन "येते" म्हणाले. त्यांनी मान हलवली. "झाडाला कॉफी पाजू नका," म्हणाले.

मी फाटकाशी येऊन उभी राहिले. इंजिन चालू, दिवे चालू, पण गाडी जागची हलेना. मागून एक मोटारवाला हॉर्न वाजवायला लागला. काही बिघडलं की काय असं वाटून मी पुढे निघाले, आणि अर्ध्या वाटेत मला कळलं.

मी मागे गेले. फाळक्यावरून हात आत घातला आणि दोनदा बटण दाबलं.

गाडी निघाली. भर दुपारचं ऊन होतं आणि मागचे दोन्ही लाल दिवे लागलेले होते. समोरून येणाऱ्या स्कूटरवाल्यानं त्यांना बोटं उघडून-मिटून खूण केली. मग आणखी एकानं केली. तेव्हा उजव्या खिडकीतून त्यांचा हात बाहेर आला आणि त्यानं प्रत्येकाला तश्शीच खूण परत केली. वळणापर्यंत मला तो हात दिसत होता. मागे कुणीच नव्हतं.